वातानुकूल यंत्राचीं दुखणीं आणि त्यांचें निदान

यवतमाळ हें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशें मीटर उंचीवर वसलेलें असलें, तरी वैशाखांतलें ऊन त्याला त्या उंचीची कांहींच सवलत देत नाहीं. मे महिन्यांत दुपारचा पारा ४५ अंशांच्या आसपास जाऊन बसतो आणि मृगाच्या सरी येईपर्यंत तेथून हलण्यास तयार नसतो. पूर्वीं या दिवसांत वऱ्हाडांतील सुखवस्तु घरांच्या दारांना वाळ्याचे पडदे लागत व त्यांवर पाणी शिंपडलें जाई. पुढें पाण्याचे कूलर आले, आणि आतां पुष्कळशा मध्यमवर्गीय घरांतूनहि वातानुकूल यंत्र भिंतीवर विराजमान झालें आहे. ज्या घरांत वृद्ध माणूस अंथरुणाला खिळलेलें आहे किंवा नुकतेंच जन्मलेलें मूल आहे, त्या घरीं या यंत्राला आतां चैन म्हणतां येणार नाहीं. नेमकें अशा घरीं, उन्हाळ्याच्या ऐन भरांत, यंत्र चालू असूनहि खोली निवत नाहीं. मग घरांतील सर्वांच्या तोंडीं एकच वाक्य येतें, "गॅस संपला असेल." कारागीर येतो, गॅस भरतो, पैसे घेऊन जातो, कांहीं दिवस बरे जातात, आणि पुढच्या वर्षीं पुन्हा तोच प्रसंग. या वाक्यांत कितपत तथ्य आहे, आणि यंत्राचें दुखणें खरोखर ओळखावें कसें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वातानुकूल यंत्रांतला गॅस कधींहि 'संपत' नाहीं. 'गॅस' या शब्दानेंच येथें पुष्कळ घोटाळा केला आहे. स्वयंपाकघरांतल्या सिलिंडरमधला गॅस जळतो, म्हणून तो संपतो. वातानुकूल यंत्रांतला पदार्थ जळत नाहीं, झिजत नाहीं व खर्चहि होत नाहीं. शरीरांत रक्त जसें फिरतें, तसा तो बंद नळ्यांतून वर्षानुवर्षें फिरत असतो. तो कमी झाला असेल, तर कोठें तरी भोंक आहे एवढाच त्याचा अर्थ. जखम न बांधतां नुसतें रक्त भरीत राहणाऱ्या वैद्याला कोणी शहाणा म्हणणार नाहीं. परंतु भोंक न शोधतां दरसाल गॅस भरून घेणाऱ्या घराला मात्र त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं.

या यंत्राचें तत्त्व वऱ्हाडच्या माणसाला अपरिचित नाहीं. माठांतलें पाणी थंड होतें तें त्याच्या अंगांतून झिरपणारें पाणी वाफ होऊन उडून जातें म्हणून. द्रवाची वाफ होतांना तो भोंवतालची उष्णता शोषून घेतो. वाळ्याच्या पडद्यांत हेंच घडे व कूलरमध्यें हेंच घडतें. फरक इतकाच कीं, माठांतली वाफ हवेंत निघून जाते, तर वातानुकूल यंत्रांत तीच वाफ पुन्हा पकडून, दाबून, तिचा द्रव करून परत पाठविली जाते. जेकब पर्किन्स यानें १८३४ सालीं लंडनमध्यें अशा चक्राच्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि आजच्या यंत्राचा सांगाडा मुळांत तोच आहे. त्याचे अवयव चार. घरांतल्या भागांत थंड नळ्यांचें वेटोळें असतें. तेथें द्रवाची वाफ होते व खोलीची उष्णता शोषली जाते. बाहेरच्या भागांत काँप्रेसर असतो. तो ती वाफ ओढून दाबतो. त्याच्या शेजारीं तापलेल्या नळ्यांचें दुसरें वेटोळें असतें, त्याला काँडेन्सर म्हणतात. तेथें वाफेची उष्णता बाहेरच्या हवेंत जाते व तिचा पुन्हा द्रव होतो. चौथा अवयव म्हणजे केसासारख्या बारीक छिद्राची केशनलिका, किंवा तिच्या जागीं एक झडप. तिच्यांतून जातांना द्रवाचा दाब एकदम उतरतो व तो पुन्हा थंड होऊन आंत येतो.

यंत्राला आजारी ठरविण्यापूर्वीं त्याच्याकडून वाजवीपेक्षां अधिक अपेक्षा तर केली जात नाहीं ना, हें पाहिलें पाहिजे. 'दीड टनाचें यंत्र' यांतला टन हा यंत्राच्या वजनाचा नव्हे. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळतांना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता काढण्याची शक्ति म्हणजे एक टन. आजच्या मापानें सुमारें साडेतीन किलोवॅट. ही शक्ति मोजतांना बाहेरची हवा ३५ अंश धरलेली असते. यवतमाळच्या मे महिन्यांत ती त्याहून दहा अंशांनीं अधिक तापलेली असते. तेव्हां पाटीवर लिहिलेल्या शक्तींतून साधारण दशांश किंवा त्याहूनहि अधिक भाग उन्हालाच जातो, आणि त्याच वेळीं गच्चींतून व पश्चिमेच्या भिंतींतून घरांत येणारी उष्णता वाढलेली असते. दुपारीं तीन वाजतां खोली अठरा अंशांवर आली नाहीं, म्हणजे यंत्र बिघडलें असें होत नाहीं. २०२० सालापासून ताराचिन्हांकित यंत्रें मुळांतच २४ अंशांवर लावलेलीं येतात. त्या आकड्यावर खोली निवत असेल, तर यंत्राची प्रकृति ठीक आहे असें समजावें.

आणखी दोन गैरसमज या भागांत विशेष आढळतात. पहिला असा कीं, यंत्राच्या नळींतून पाणी टपकलें नाहीं म्हणजे गॅस कमी आहे. तें पाणी गॅसाचें नसून खोलींतील हवेंतल्या ओलाव्याचें असतें. विदर्भांतील मे महिन्याची हवा इतकी कोरडी असते कीं, निरोगी यंत्रांतूनहि पाणी थोडेंच येतें, कधीं कधीं येतच नाहीं. तेंच यंत्र श्रावणांत बादली भरून देतें. दुसरी चूक म्हणजे एकाच खोलींत कूलर आणि वातानुकूल यंत्र दोन्ही लावणें. कूलर हवेंत पाणी घालतो, यंत्र तें पाणी काढीत बसतें. एक लिटर पाणी हवेंतून काढावयास दीड टनाच्या यंत्राची सात-आठ मिनिटांची सगळी शक्ति खर्ची पडते. मग थंडावा उरावा कोठून?

आतां खऱ्या दुखण्यांकडे वळूं जातां, निदानाचा क्रम ठरवून घेणें हेंच मुख्य होय. आधीं हवा, मग वीज, मग गॅस, आणि सर्वांत शेवटीं काँप्रेसर. बहुतेक घरीं हा क्रम उलटा चालतो. तेथें गॅसापासून आरंभ होतो आणि जाळी धुवायची राहून जाते.

हवेची तपासणी घरच्या माणसालाहि करतां येते. आंतल्या भागाची जाळी धुळीनें भरली, तर थंड वेटोळ्यावरून हवा फिरत नाहीं, आणि यंत्र सशक्त असूनहि खोलीपर्यंत थंडावा पोंचत नाहीं. बाहेरच्या भागाची स्थिति याहून महत्त्वाची आहे. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. दिवाळीपासून होळीपर्यंत गाड्या भरभरून कापूस जिनिंगकडे जातो. त्याचे तंतु व रस्त्याची धूळ मिळून काँडेन्सरच्या बारीक पत्र्यांमध्यें नमद्यासारखा थर बसतो. वणीच्या बाजूला कोळशाची धूळ हेंच काम करते. हिवाळाभर यंत्र बंद असल्यानें हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, आणि एप्रिलांत तें सुरू होतें तेव्हां उष्णता बाहेर टाकण्याची वाटच कोंडलेली असते. मग काँडेन्सरमधला दाब चढतो, काँप्रेसर अधिक वीज ओढतो, तापतो, आणि त्याचें संरक्षक बटण त्याला बंद करून टाकतें. संध्याकाळीं ऊन उतरल्यावर तेंच यंत्र पुन्हा सुरळीत चालूं लागतें. दुपारीं बंद पडणारें आणि रात्रीं उत्तम चालणारें यंत्र असेल, तर पहिला संशय काँडेन्सरच्या मळावर व त्याच्या पंख्यावर घ्यावा. बाहेरचा भाग पत्र्याच्या पेटींत किंवा भिंतीला अगदीं चिकटून बसविला असेल, तरीहि हाच परिणाम होतो, कारण त्यानें टाकलेली गरम हवा तोच पुन्हा ओढून घेतो.

आंतल्या वेटोळ्यावर बर्फ जमणें हें लक्षण पाहून घरचे लोक प्रथम आनंदतात. वास्तविक तें रोगाचें चिन्ह आहे. बर्फाचीं कारणें मुख्यतः दोन: हवा कमी किंवा गॅस कमी. दोहोंतला भेद ओळखण्याची सोपी रीत आहे. यंत्राला केवळ पंख्यावर ठेवून बर्फ पूर्ण वितळूं द्यावा, जाळी धुवावी, आणि मग थंडाव्यावर चालवावें. बर्फ पुन्हा न आल्यास दोष हवेचा होता. बर्फ पुन्हा आला, आणि तोहि वेटोळ्याच्या सर्व अंगावर न जमतां जेथें द्रव प्रथम शिरतो त्या थोड्या भागावरच जमला, तर मात्र गॅस कमी असल्याचा संशय सबळ होतो. बाहेरच्या भागाला जोडलेल्या दोन नळ्यांपैकीं बारीक नळीच्या तोंडावर दंव गोठणें, हेंहि बहुतेक घरगुती यंत्रांत त्याच संशयाला पुष्टि देतें.

यानंतर विजेची पाळी. घरगुती वीज २३० व्होल्टांची मानली जाते; पण ऐन उन्हाळ्यांत, सर्व गांव एकाच वेळीं यंत्रें लावून बसलेलें असतां, वाहिनीच्या टोंकाकडील घरांत ती बरीच उतरते. मोटरीची सुरू होण्याची ओढ विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते. दाब १८० व्होल्टांवर आला, तर ती ओढ मूळच्या सुमारें ६१ टक्केच राहते. मग काँप्रेसर घुं-घुं करतो, फिरत नाहीं, आणि काहीं सेकंदांत संरक्षक बटण पडतें. यंत्र बंद करून लगेच सुरू केल्यासहि असेंच होतें, कारण दोन्ही बाजूंचे दाब समान व्हावयास सुमारें तीन मिनिटें लागतात. तोंपर्यंत काँप्रेसरला चढणीवरून गाडा सुरू करावा लागतो. म्हणूनच चांगल्या स्टॅबिलायझरला थोडा वेळ थांबून वीज देण्याची सोय असते. वीज वारंवार जाते-येते अशा ठिकाणीं ही सोय काँप्रेसरचा जीव वाचविते.

घुं-घुं करून न फिरणाऱ्या काँप्रेसरबाबत दुसरा आरोपी म्हणजे कपॅसिटर. हा लहानसा डबा मोटरीला फिरण्यास लागणारा टेका देतो, आणि उन्हांत तापून तापून तो कालांतरानें अशक्त होतो. त्याची किंमत काँप्रेसरच्या मानानें अगदीं किरकोळ आहे. 'काँप्रेसर गेला' असा निकाल ऐकल्याबरोबर घरच्यांनीं शांतपणें विचारावें कीं, कपॅसिटर मीटरवर मोजून पाहिला काय, आणि काँप्रेसर सुरू होत असतांना विजेचा दाब किती होता? या दोन प्रश्नांनीं पुष्कळ निरोगी काँप्रेसर भंगाराच्या दुकानांत जाण्यापासून वांचतील.

खुद्द काँप्रेसर बिघडला आहे कीं नाहीं, हें अंदाजानें सांगण्याची गोष्ट नव्हे. त्याच्या ठरलेल्या कसोट्या आहेत. घरगुती यंत्रांत मोटर व पंप एकाच वितळवून जोडलेल्या पोलादी डब्यांत बंद असतात, म्हणून आंत डोकावतां येत नाहीं. सध्या एक-फेज विजेवरच्या ठराविक गतीच्या काँप्रेसरला तीन टोंकें असतात. त्यांतील समाईक टोंक व चालू टोंक यांच्यामधला विद्युत्-रोध सर्वांत कमी, समाईक व सुरुवातीचें टोंक यांमधला त्याहून अधिक, आणि उरलेल्या दोन टोंकांमधला रोध या दोहोंच्या बेरजेइतका आला पाहिजे. हा हिशेब जुळला नाहीं, तर वेटोळें जळलें किंवा तुटलें आहे. कोणतेंहि टोंक डब्याच्या अंगाशीं जोडलेलें आढळलें, तर तो काँप्रेसर वापरणें जिवाला धोक्याचें आहे. मात्र ही मोजणी काँप्रेसर पुरता निवल्यावर केली पाहिजे. तापलेल्या डब्यांतलें संरक्षक बटण उघडलेलें असतांना निरोगी मोटरहि मेलेली भासते, आणि तें पुन्हा मिटावयास कधीं तास-दोन तासहि लागतात. घाईनें ठरविलेला मृत्यु येथेंच घडतो.

मोटर फिरते पण थंडावा नाहीं, अशा वेळीं दाब आणि विजेचा प्रवाह यांची साक्ष घ्यावी लागते. कारागीर टाँग टेस्टर तारेभोंवतीं लावून प्रवाह मोजतो. प्रवाह पाटीवरील आकड्याहून बराच कमी असेल, तर एकतर गॅस कमी आहे किंवा काँप्रेसरच्या झडपा व अंतर्भाग झिजले आहेत. गॅस कमी असतां ओढीचा दाब व दाबीचा दाब दोन्ही उतरतात. अंतर्भाग झिजला असतां ओढीचा दाब उलट चढलेला आणि दाबीचा उतरलेला दिसतो. दोन्ही एकमेकांच्या जवळ येतात. प्रवाह अधिक असेल, तर काँडेन्सरचा मळ, गॅसाचा अतिरेक, नळ्यांत शिरलेली हवा, किंवा उतरलेली वीज यांपैकीं कोणता तरी दोष असतो. ओढीचा दाब फार कमी असून गॅस घालूनहि तो वाढत नसेल, तर केशनलिका तुंबली आहे असें समजावें. तेथें आणखी गॅस घालणें म्हणजे तुंबलेल्या मोरींत पाणी ओतणें होय.

येथें एक अडचण सांगितली पाहिजे. बहुतेक घरगुती यंत्रांना दाब पाहण्याचें तोंड एकच, म्हणजे ओढीच्या बाजूला असतें. कारागीर तेथें घड्याळ लावतो व आकडा कमी दिसला कीं गॅस सोडतो. परंतु तो आकडा बाहेरच्या उन्हाबरोबर, खोलीच्या उष्णतेबरोबर, जाळीच्या मळाबरोबर बदलत असतो. शिवाय गॅस निरनिराळे आहेत. जुन्या यंत्रांतला आर-२२ हा पांच अंशांवर दर चौरस इंचास सुमारें ७० पौंड दाब दाखवितो. नव्या यंत्रांतला आर-३२ त्याच उष्णतेला सुमारें १२० पौंड. काँडेन्सरमध्यें ५५ अंशांवर हेच आकडे सुमारें ३०० व ५०० पौंड होतात. एकाची संवय दुसऱ्याला लावली, तर अनर्थ ठरलेला. आणि ज्या यंत्रांना इन्व्हर्टर म्हणतात, त्यांत काँप्रेसरची गतिच क्षणोक्षणीं बदलत असल्यामुळें नुसत्या दाबावरून गॅस भरणें हें केवळ अंधारांत चांचपडणें होय. अशा यंत्रांत गॅस तोलून, पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच भरावा लागतो. नळी नेहमीपेक्षां लांब असल्यास तिच्यासाठीं निर्मात्यानें सांगितलेली भर तेवढी अधिक.

घरच्या माणसाला याबाबत एक साधी कसोटी करतां येईल. खोलींत परत ओढल्या जाणाऱ्या हवेची व यंत्रांतून बाहेर पडणाऱ्या हवेची उष्णता एका साध्या तापमापकानें पहावी. यंत्र पंधरा-वीस मिनिटें पूर्ण शक्तीनें चालल्यावर दोहोंत साधारण ८ ते १२ अंशांचें अंतर असावें. तेवढें अंतर असूनहि खोली तापलेलीच असेल, तर दोष यंत्राचा नसून खिडकीच्या फटीचा, गच्चीच्या उन्हाचा किंवा खोलीच्या आकाराचा आहे. अंतर दोन-चार अंशांचेंच असेल, तर कारागिराला बोलावणें योग्य.

गॅस खरोखर कमी ठरला, तर खरें काम तेथून सुरू होतें. गळती बहुधा नळ्यांच्या सांध्यांवर, पितळी नटांखालीं असते. घर बदलतांना यंत्र हलविलें गेलें असेल, तर हा संशय दुणावतो. गॅसाबरोबर काँप्रेसरचें तेलहि थोडें बाहेर येतें, म्हणून सांध्याजवळचा तेलकट, धूळ चिकटलेला डाग हा चोराच्या पावलासारखा असतो. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे तेथें गुन्हा सिद्ध करतात. एवढ्यानें न सांपडल्यास नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबानें भरून तो दाब टिकतो कीं नाहीं, हें पाहतात. सांधा दुरुस्त झाल्यावर व्हॅक्यूम पंपानें नळ्यांतली हवा व ओलावा काढून ५०० मायक्रॉनपर्यंत निर्वात करावयाचें, पंप बंद ठेवून ती निर्वातता टिकते हें पहावयाचें, आणि मग गॅस तोलून भरावयाचा. पंपाऐवजीं थोडा गॅस सोडून हवा हांकलण्याची जुनी रीत आजच्या यंत्रांना घातक आहे. आर-३२ व आर-४१०ए यांच्या यंत्रांत सामान्यतः जें कृत्रिम तेल असतें, तें ओलावा अधाशासारखें पितें. त्यांतून आम्ल तयार होतें आणि तें मोटरीच्या तारांवरचें लाखेचें आवरण खाऊन टाकतें. कमी गॅसानें चालणाऱ्या काँप्रेसरची गतहि निराळी नाहीं. मोटरीची उष्णता वाहून नेण्याचें व तेल परत आणण्याचें काम याच प्रवाहाकडे असतें. तो रोडावला कीं मोटर तापते आणि तेलावांचून कोरडी पडते. अनेकदां काँप्रेसरचा मृत्यु हा त्याचा स्वतःचा रोग नसतो, तर दोन-तीन उन्हाळे दुर्लक्षिलेल्या एका सैल नटाचा तो शेवट असतो.

या कामांत जिवाचे धोकेहि आहेत. गळती पाहण्यासाठीं नायट्रोजनऐवजीं ऑक्सिजन भरणें म्हणजे स्फोटाला निमंत्रण. तेल व दाबलेला ऑक्सिजन एकत्र आले कीं ठिणगीचीहि गरज उरत नाहीं. नळ्यांत हवा शिरलेली असतां काँप्रेसर चालवून गॅस गोळा करण्याच्या प्रयत्नांत काँप्रेसर फुटण्याचा संभव असतो. आर-३२ मंदपणें पेट घेणारा आहे, आणि आर-२९० म्हणजे प्रोपेन. तो तर सहज पेटतो. म्हणून ज्या यंत्राच्या पाटीवर जो गॅस लिहिला असेल तोच त्यांत भरावा. आर-२२ च्या जुन्या यंत्रांत स्वस्त म्हणून पेटणारा गॅस घालणें हा सर्व घराच्या जिवाशीं खेळ आहे. काम चालू असतां दारें-खिडक्या उघडीं ठेवावीं आणि देवघरांतला दिवाहि जवळ नसावा. गॅस भरलेल्या नळीवर जाळाचें काम केल्यास आर-२२ पासूनहि विषारी वायु निर्माण होतात.

निसटलेला गॅस खोलींतून जातो, पण जगांतून जात नाहीं. १९२८ सालीं अमेरिकेंत टॉमस मिजले व त्याच्या सहकाऱ्यांनीं न पेटणारे व विषारी नसलेले असे फ्रिऑन जातीचे पदार्थ शोधले, तेव्हां तें मोठें वरदान वाटलें. १९७४ सालीं मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, हेच पदार्थ वातावरणाच्या उंच थरांतील ओझोनचा नाश करतात. १९८७ चा माँट्रिऑल करार त्यांतून जन्मला; भारत १९९२ सालीं त्यांत सामील झाला. आर-२२ हा त्याच कुळांतला, जरा सौम्य वारस; त्या कराराप्रमाणें भारतासारख्या देशांत २०३० पर्यंत त्याचा वापर जवळजवळ संपावयाचा असून, केवळ जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठीं थोडासा अंश त्यानंतर दहा वर्षें ठेवला आहे. पुढें आलेले गॅस ओझोनला अपाय करीत नाहींत, पण पृथ्वी तापवितात. एक किलो आर-४१०ए हवेंत सोडणें हें सुमारें दोन हजार किलो कर्बद्विप्राणिद सोडण्यासारखें आहे. आर-३२ बाबत हा आकडा पावणेसातशेंच्या आसपास, आणि प्रोपेनबाबत पांचाहूनहि कमी. यासाठीं २०१६ सालीं किगाली येथें दुरुस्ती झाली व भारतानें ती २०२१ सालीं मान्य केली. जें ऊन टाळण्यासाठीं यंत्र घेतलें, तेंच ऊन दरसाल गळणाऱ्या गॅसामुळें वाढत जावें, यापरता दुसरा उलटा व्यवहार कोणता?

एवढें असूनहि गळती शोधण्याऐवजीं गॅस भरण्याचीच प्रथा कां पडली, याचा दोष एकट्या कारागिरावर लादणें अन्यायाचें होईल. भर उन्हांत गच्चीच्या कडेवर बसून तास-दोन तास सांधे तपासणाऱ्या माणसाला त्या शोधाबद्दल पैसे द्यावयास बहुतेक घरें तयार नसतात. 'नुसतें पाहिलें तर होतें, त्याचे कसले पैसे?' असा प्रश्न त्याला ऐकावा लागतो. गॅस ही दिसणारी वस्तु. तिचे पैसे मात्र कुरकुर न करतां दिले जातात. डॉक्टरनें तपासणीची फी घ्यावी हें ज्या घराला पटतें, त्याच घराला यंत्राच्या तपासणीची फी खटकते. मग जें विकत घेतलें जातें, तेंच विकलें जातें. दोन-तीनदां गॅस भरण्यांत जो खर्च होतो, त्यांत एकदां नीट शोध घेऊन, निर्वात करून, तोलून भरण्याचें काम पुष्कळ वेळां होऊन जातें, आणि काँप्रेसरहि वांचतो.

म्हणून कारागीर दारांत आल्यावर 'गॅस भरून द्या' असें न म्हणतां 'दोष शोधून द्या, शोधाचे पैसे वेगळे घ्या' असें म्हणावें. गळती कोठें सांपडली, ती डोळ्यांनीं दाखवा. नळ्या निर्वात केल्या काय. कोणता गॅस किती वजनाचा भरला. हें सर्व पावतीवर लिहून घ्यावें. शीतकरणाचें काम शिकलेले तरुण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून दरसाल बाहेर पडतात. नीट कामाला मोल मिळतें असें दिसल्यास तेंच काम ते आवडीनें करतील.

राहिली वर्षाची दिनचर्या. होळीच्या सुमारास, कापसाचा हंगाम ओसरल्यावर, बाहेरचें वेटोळें एकदां पाण्यानें हलक्या हातानें स्वच्छ करून घ्यावें. मात्र त्यावर रोज बोअरचें जड पाणी शिंपडूं नये, कारण त्याचा क्षार पत्र्यांवर बसून मळापेक्षांहि घट्ट होतो. उन्हाळ्यांत दर पंधरा दिवसांनीं आंतली जाळी धुवावी. बाहेरच्या भागावर सावली असावी, पण वारा अडूं नये. यंत्र बंद झाल्यास तीन मिनिटें थांबून मगच सुरू करावें. आणि थंडावा कमी झाला असें वाटलें, तर गॅसाचें नांव काढण्यापूर्वीं जाळी, काँडेन्सर, विजेचा दाब आणि तापमापक या चौघांना क्रमानें विचारावें. पुष्कळदां त्यांच्यापैकींच कोणी तरी उत्तर देऊन मोकळा होईल. ज्या थोड्या प्रसंगीं चौघेहि निर्दोष ठरतील, त्या वेळीं भोंक शोधणाऱ्याला बोलवावें आणि त्याला सावलींत बसवून, पाणी देऊन, शोधाला लागेल तितका वेळ द्यावा.